पारदर्शक शाई, अपारदर्शक भाषा

ऑफसेट छपाईची निळी, किरमिजी आणि पिवळी शाई पारदर्शक असते. निळीवर पिवळी चढली की कागदावर हिरवा दिसतो, तो याच गुणामुळे. तरीही १९८४ पासून सुमारे दोन दशके ज्या संगणकीय भाषेत छपाईयंत्रांना आज्ञा दिल्या गेल्या, तिच्या व्याकरणात पारदर्शकतेला जागाच नव्हती. त्या विसंगतीचा हा इतिहास.

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की हे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रातले संशोधक. (गेश्कींचे वडील आणि आजोबा दोघेही छपाईचे ब्लॉक बनवणारे कारागीर होते, म्हणजे छापखाना घरातलाच.) तेथे सिद्ध झालेली इंटरप्रेस ही भाषा बाजारात आणण्यास झेरॉक्स राजी होईना, म्हणून १९८२ मध्ये दोघांनी अडोबीची स्थापना केली. १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट आली आणि १९८५ मध्ये ॲपलच्या लेझररायटरने ती टेबलावर आणून ठेवली.

पोस्टस्क्रिप्टचा नियम भिंत रंगवणाऱ्याचा होता: नंतरचा हात आधीच्याला पूर्ण झाकतो. याला दूरदृष्टीचा अभाव म्हणणे अन्यायाचे होईल. लेझररायटरची स्मृती दीड मेगाबाइट होती आणि इंचाला ३०० ठिपक्यांचे एक कृष्णधवल पान त्यातली सुमारे एक मेगाबाइट खाऊन टाकी. जिथे ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा, तिथे दोन रंगांच्या मिश्रणाचा प्रश्न उद्भवतोच कुठे?

योगायोग असा, की त्याच १९८४ साली लुकासफिल्ममधील थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रावर चित्र अर्धपारदर्शकपणे कसे बसवावे याचे गणित प्रसिद्ध केले. चित्रपटांना ते तत्काळ उपयोगी पडले. छपाईच्या भाषेने मात्र त्याची दखल घेतली नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील पोस्टस्क्रिप्टची तिसरी आवृत्तीही अपारदर्शकच राहिली.

मग २००० मध्ये इलस्ट्रेटरच्या नवव्या आवृत्तीत आणि २००२ मध्ये इनडिझाइनच्या दुसऱ्या आवृत्तीत पारदर्शकता आली. मृदू सावल्या, धूसर कडा, छायाचित्रावर तरळणारे रंगाचे पट्टे हे सारे पडद्यावर सहज होऊ लागले. पण छापायला द्यायचे, तर ते पोस्टस्क्रिप्टला समजेल अशा रूपात उतरवणे भाग होते. या रूपांतराला फ्लॅटनिंग म्हणतात.

त्याची रीत अशी. निळ्या चौकोनावर अर्धपारदर्शक लाल वर्तुळ थोडेसे चढले आहे. फ्लॅटनिंग त्याचे तीन तुकडे करते: उरलेला निळा, उरलेला लाल आणि मधला जांभळा. तिन्ही अपारदर्शक, एकमेकांना चिकटवून ठेवलेले. सावली किंवा छायाचित्र आले, की तेवढा भाग रेषांऐवजी ठिपक्यांच्या चित्रात बदलतो.

खरी हानी इथे होई. सावलीखाली आलेली अक्षरे अक्षरे राहत नसत. त्यांची बाह्यरेषा किंवा थेट ठिपके होत. एकाच ओळीतले काही शब्द मग उरलेल्यांपेक्षा जाड दिसत. तुकड्यांच्या सांध्यांवर केसाएवढ्या पांढऱ्या रेघा उमटत. बहुतेक पडद्यापुरत्याच, पण त्या प्लेटवर उतरणार की नाही हे आधी छातीठोकपणे सांगणे कठीण. सोनेरी किंवा एखादी खास शाई मागितली असेल, तर तिचे चार मूळ रंगांत विघटन होण्याची भीती. मजकुराचा थर सर्वांत वर ठेवा, हा डीटीपीवाल्यांना दिला जाणारा सल्ला या अनुभवातून आला.

सर्वांत मोठा दोष मात्र वेळेचा होता. फ्लॅटनिंग मांडणीकाराच्या संगणकावर होई. फाईल कोणत्या यंत्रावर, किती बारकाव्याने छापली जाणार, हे त्याला बहुधा ठाऊक नसे. एकदा कापलेले तुकडे पुन्हा जोडताही येत नसत. २००१ चे पीडीएफ/एक्स-१ए हे मानक छापखान्याला सुरक्षित वाटले, कारण त्यात जिवंत पारदर्शकतेला मज्जावच होता. पण त्याने जोखीम मिटवली नाही, ती फक्त मांडणीकाराच्या टेबलावर सरकवली.

त्याच वर्षी पीडीएफच्या १.४ आवृत्तीने पारदर्शकता स्वीकारली होती. अडचण पुढची होती: छापखान्यात त्या पीडीएफचे बहुधा पुन्हा पोस्टस्क्रिप्टच केले जाई. २००६ मध्ये अडोबीने पीडीएफ थेट वाचणारे प्रिंट इंजिन जाहीर केले आणि २००८ मध्ये पीडीएफ/एक्स-४ या मानकाने पारदर्शक वस्तू जशाच्या तशा पाठवण्यास मान्यता दिली.

फ्लॅटनिंग त्यामुळे नाहीसे झाले नाही. प्लेटवरच्या ठिपक्याला आजही शाई घ्यायची किंवा सोडायची, एवढेच कळते. फक्त ते काम आता अगदी शेवटी होते, ज्या यंत्राला स्वतःची क्षमता ठाऊक आहे त्याच्याकडे. काही छापखाने मात्र अजूनही पीडीएफ/एक्स-१ए मागतात, आणि तिथे फाईल पाठवणाऱ्याला तुकडे घरीच करावे लागतात.