कॅसेट गेली, कार्ड आले

आमच्या संघटनेच्या कचेरीत एक लोखंडी कपाट आहे. वर्गणीच्या पावतीपुस्तकांच्या वरच्या फळीवर चाळीसएक व्हिडिओ कॅसेटी आहेत. गेटसभा, मोर्चे, एक लांबलेला संप, दोन शोकसभा. शेजारी बिस्किटाच्या डब्यात चार-पाच मेमरी कार्डे आहेत. कॅसेटी भरलेल्या आहेत, पण चालत नाहीत. कार्डे चालतात, पण त्यांत काही नाही. हे असे कसे झाले याचा शोध घेताना जो इतिहास हाती लागला, तो आपल्यापुढे ठेवीत आहोत. आम्ही शाळा नववीत सोडली. यंत्रांची विद्या आम्हांला दुरुस्तीवाल्यांच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात मिळाली, तेव्हा जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

हलते चित्र फितीवर साठवण्याचे पहिले उपयोगी यंत्र अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने एप्रिल १९५६ मध्ये शिकागोला दाखवले. फीत दोन इंच रुंद, आणि यंत्र कपाटाएवढे. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सीबीएस या कंपनीने संध्याकाळच्या बातम्या त्यावर टिपून पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना त्यांच्या वेळेप्रमाणे दाखवल्या. पुढची चाळीस वर्षे हे यंत्र लहान होत गेले. १९८३ साली सोनीने कॅमेरा आणि टिपणारे यंत्र एकाच पेटीत घालून घरगुती गिऱ्हाइकाला विकले. १९८५ मध्ये आठ मिलिमीटरची फीत आली. १९९५ मध्ये आकड्यांच्या रूपात चित्र साठवणारी डीव्ही फीत आली, जिची रुंदी अवघी ६.३५ मिलिमीटर.

या छोट्या कॅमेऱ्याचे खरे सामर्थ्य जगाला कळले ते ३ मार्च १९९१ रोजी. लॉस एंजेलिस येथे पोलीस रॉडनी किंग या कृष्णवर्णीय इसमास झोडपत असताना शेजारच्या एका रहिवाशाने आपल्या गच्चीतून ते टिपले. साधा घरगुती कॅमेरा, साधी आठ मिलिमीटरची कॅसेट. पण त्या दिवसापासून अधिकाराच्या खुर्चीवरचा माणूस कॅमेरा पाहून बिचकू लागला. आमच्यासारख्यांनी वर्गणी काढून कॅमेरा घेतला तो याच कारणाने.

स्पष्ट चित्राची, म्हणजे हाय-डेफिनिशनची, खटपट जपानच्या एनएचके या संस्थेने १९६४ पासूनच चालवली होती. सामान्य माणसाच्या हाती ते आले २००३ नंतर, जेव्हा सोनी, जेव्हीसी, कॅनन आणि शार्प यांनी मिळून एचडीव्ही ही पद्धत ठरवली. तिच्यातली गंमत अशी की कॅसेट जुनीच, मिनी-डीव्हीची. चित्र दाबून, आवळून त्याच फितीत बसवले. तासाभराची कॅसेट थोडक्या पैशांत मिळे.

परंतु फीत म्हटली की यंत्र आले. डीव्ही कॅमेऱ्याच्या पोटात एकवीस-बावीस मिलिमीटर व्यासाचा ढोल मिनिटाला नऊ हजार फेरे घेत असतो आणि फीत त्याला तिरकी लपेटून सरकते. त्यात धूळ शिरली की चित्रात चौकोन पडले. पावसाळ्यात थंड खोलीतून बाहेर आले की ढोलावर दव बसे, आणि कॅमेरा तसा इशारा देऊन अडून बसे. भर मोर्चात हा अनुभव आम्ही घेतला आहे. घोषणा देणारे तयार, पुढारी तयार, आणि कॅमेरावाला कॅमेऱ्याला धोतराच्या सोग्याने ऊब देतो आहे!

आता कार्डाकडे वळू. ज्या चिपवर ते उभे आहे तिचा जनक तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका. १९८४ साली त्याने आपला शोध सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत मांडला आणि १९८७ मध्ये त्याचा 'नँड' हा प्रकार पुढे आला. आजची कार्डे त्याच जातीची. सिलिकॉनमध्ये चहूबाजूंनी रोधकाने वेढलेला एक बारीकसा कप्पा असतो. त्यात विद्युत्कण कोंडले की ते वीज बंद झाल्यावरही तिथेच राहतात. पुसायचे झाले तर एकेक कप्पा नव्हे, सबंध गठ्ठाच्या गठ्ठा एकदम पुसला जातो. एका सहकाऱ्याला त्यावरून फोटोच्या कॅमेऱ्याचा लखलखाट आठवला, म्हणून नाव पडले फ्लॅश. मासुओका १९९४ मध्ये कंपनी सोडून विद्यापीठात गेला. २००४ साली त्याने मोबदल्यासाठी जुन्या मालकावर दावा लावला, एक अब्ज येनचा. २००६ मध्ये तडजोड झाली ती ८ कोटी ७० लाख येनवर. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही कथा नवी वाटणार नाही. फरक इतकाच की आमच्या सभासदांना नऊएक टक्क्यांवर तडजोड करताना आम्ही पाहू शकत नाही.

कॅमेऱ्यात कार्ड आणले पॅनासॉनिकने, बातमीदारांसाठी, २००४ मध्ये. त्याचे नाव पी-टू. चार एसडी कार्डे एका कवचात बसवून ते केलेले. २००५ च्या अखेरीस एचव्हीएक्स-२०० हा कॅमेरा निघाला, जो त्यावर हाय-डेफिनिशन चित्र टिपी. पण आठ गिगाबाइटच्या कार्डावर चित्र मावे सुमारे आठ मिनिटांचे, आणि कार्डाची किंमत शेकडो डॉलर. तासाच्या कॅसेटपुढे हा सौदा वेडेपणाचा वाटला तर नवल नाही. मग २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी एव्हीसीएचडी ही जास्त आवळणारी पद्धत जाहीर केली, साधी एसडी कार्डे मोठी आणि स्वस्त होत गेली, आणि थोड्याच वर्षांत सोळा गिगाबाइटच्या कार्डावर दोन तास चित्र बसू लागले. ढोल गेला, दव गेले, धूळही गेली.

शेवटचा धक्का निसर्गाने दिला. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत सेंदाईजवळचा सोनीचा कारखाना पाण्याखाली गेला. स्टुडिओंना लागणाऱ्या एचडीकॅम-एसआर फिती तिथेच होत असत. जगभर टंचाई पडली आणि जे स्टुडिओ चालढकल करीत होते त्यांनीही फितीचा नाद सोडायला सुरुवात केली.

आम्हांला यात विशेष वाटले ते कामाच्या तासांचे. कॅसेट काढली, नाव लिहिले, पेटीत टाकली की दिवस संपे. कार्ड मात्र रिकामे करावे लागते, कारण उद्या तेच लागणार. चित्रीकरण रात्री दहाला आटोपले की एक पोरगा संगणकापुढे बसतो आणि दोन वाजेपर्यंत कार्डे उतरवीत, तपासीत राहतो. हे काम पूर्वी नव्हतेच, म्हणून त्याच्या तासांचा हिशेबही पुष्कळ ठिकाणी कुणी ठेवीत नाही. यंत्राने श्रम वाचवले असे म्हणणाऱ्याने आधी त्या पोराला विचारावे.

आमचे नुकसान याच जागी झाले. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकावर व्यवस्थापकाने सर्वांसमक्ष शब्द दिला की निलंबित अकरा जणांना महिनाअखेर कामावर घेऊ. आमच्या एका तरुणाने ते कार्डावर टिपले. कॅमेरा लग्नसराईतल्या फोटोवाल्याकडून उसना आणलेला. दुसऱ्या दिवशी मुहूर्त होता. त्याने कार्ड पुसले आणि नवरा-नवरी टिपली. महिनाअखेरीस व्यवस्थापक म्हणाला, मी असे बोललोच नाही. फोटोवाल्याला दोष देता येत नाही. त्याच्यापाशी कार्डे दोनच होती. अकरांपैकी सहा जण पुन्हा आत गेलेच नाहीत.

कॅसेट ही वस्तू होती. तीच मूळ, तीच पुरावा. कार्डाचे मूळ पुसले जाते आणि नकला उरतात. हा भेद किती महाग पडतो हे जालन्याच्या खटल्यात दिसले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथला निकाल २९६ मतांनी लागला. उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर घेतले गेले असा आक्षेप होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांनी तो दिवस टिपला होता. न्यायालयात आल्या त्या सीडीवरच्या नकला. त्यांच्यासोबत लागणारे प्रमाणपत्र मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मूळ साधनच हजर केले तर प्रमाणपत्र नको, पण नक्कल असेल तर ते हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमात तर त्या प्रमाणपत्रावर नकलेचा हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याच्या ठशासारखा आकडा, नोंदवावा लागतो.

यावरून कोणी कॅसेटीचे गोडवे गाऊ नयेत. २०१९ मध्ये युनेस्कोने जगाला सावध केले होते की फिती वाचणारी यंत्रे २०२५ च्या सुमारास मिळेनाशी होतील. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही कपाट उघडले तेव्हा बारा कॅसेटींवर पांढरी बुरशी होती. गावातला शेवटचा दुरुस्तीवाला आता मोबाइल विकतो, तरी त्याच्याकडे एक जुना प्लेअर निघाला. रविवारी आम्ही तिघे कॅसेटी घेऊन त्याच्याकडे बसतो. आतापर्यंत नऊ उतरवून झाल्या आहेत.