विद्यार्थी, त्याचे शब्द आणि परतीची बोट

देऊळगाव राजाहून जालन्याकडे निघाले की आज केवळ जिल्हा बदलतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच वाटेवर इंग्रजी अंमल संपून निजामी अंमल सुरू होत असे. पण ही हद्दही वाटते तितकी सरळ नव्हती. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमचा भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे राहिला आणि पुढल्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. तरीही नावापुरते का होईना, सार्वभौमत्व निजामाचेच होते. म्हणजे बुलढाण्याचा डेप्युटी कमिशनर इंग्रज, पण तेथील रयत कायद्याच्या पुस्तकात निजामाची! माणूस कोणत्या देशाचा, हे तो कोठे जन्मला एवढ्यावरून ठरत नाही. त्याला कोठून कोठे हलविण्याचा अधिकार कोणाला आहे, यावरूनही ते ठरते. परदेशी शिकायला गेलेल्या तरुणाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो.

त्याचे मराठीतले सर्वांत गाजलेले उदाहरण विनायक दामोदर सावरकरांचे. श्यामजी कृष्णवर्मांमार्फत शिवाजी शिष्यवृत्ती मिळवून ते १९०६ मध्ये बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले. त्यांना व्हिसा लागला नाही. ते साम्राज्याचे प्रजाजन होते, आणि हिंदुस्थानातून बाहेर पडण्यासाठी पासपोर्टची सक्तीदेखील पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या नियमांनी आली. १९२० चा कायदा हिंदुस्थानात येणाऱ्यांच्या पासपोर्टचा होता. दार उघडे होते. मात्र आत शिरलेल्यावर नजर होती. १९०७ मध्ये सर विल्यम ली-वॉर्नर यांच्या समितीने इंग्लंडमधील हिंदी विद्यार्थ्यांची चौकशी केली आणि १९०९ मध्ये या विद्यार्थ्यांसाठी एक माहिती कार्यालय स्थापन झाले. नाव साहाय्याचे होते. विद्यार्थ्यांना त्यात पहाऱ्याचा वास येत असे, आणि तो अगदीच निराधार नव्हता.

१९०९ हे वर्ष निर्णायक ठरले. जूनमध्ये नाशकात बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या खटल्याच्या मुळाशी होती कवितांची एक लहानशी पुस्तिका. १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा या विद्यार्थ्याने कर्झन वायलीचा खून केला. परीक्षा उत्तीर्ण होऊनही ग्रेज इनने विनायकरावांना सनद नाकारली. २१ डिसेंबरला नाशकाच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी, अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कवितेपासून पिस्तुलापर्यंतचा हा प्रवास सहा महिन्यांतला. येथे भाबडेपणा उपयोगाचा नाही: सावरकरांवर केवळ बोलण्याचा आरोप नव्हता, लंडनहून पिस्तुले धाडल्याचाही होता. पण त्याच आरोपपत्रात १९०६ च्या आरंभी हिंदुस्थानात केलेली भाषणेही होती, आणि तीच महत्त्वाची ठरली.

कारण प्रजाजनाला परकीय म्हणून हाकलता येत नाही. त्यासाठी सरकारने १८८१ चा फरारी गुन्हेगारांचा कायदा पुढे केला. १३ मार्च १९१० रोजी व्हिक्टोरिया स्थानकावर त्यांना अटक झाली. ज्याने तीन-चार वर्षे उघडपणे लंडनमध्ये अभ्यास केला, तो कागदावर मुंबईहून पळालेला फरारी ठरला! परत पाठविणे अन्यायाचे किंवा जाचक होणार असेल तर न्यायालयाने नकार द्यावा, अशी तरतूद त्याच कायद्यात होती. तिचा उपयोग झाला नाही. लंडनमध्ये खटला चालता तर समोर ज्यूरी असती. मुंबईत १९०८ च्या कायद्याखाली तीन न्यायाधीशांचे खास न्यायासन होते. तेथे ना ज्यूरी, ना अपील. देश बदलला की कायदा बदलतो आणि कायदा बदलला की शिक्षा बदलते, हे साधे गणित त्या परतीच्या बोटीमागे होते.

८ जुलै १९१० रोजी मार्सेल्सला ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी घेतलेली उडी सर्वांना ठाऊक आहे. तिच्या पुढली गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले, फ्रान्सने आक्षेप घेतला आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा: हवाली करण्यात अनियमितता झाली, परंतु म्हणून कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. चूक मान्य, परिणाम कायम! मुंबईच्या न्यायासनाने तोवर दोन जन्मठेपा सुनावल्याही होत्या. लवादापुढे वाद होता दोन राष्ट्रांचा. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता तो त्यात पक्षकारच नव्हता.

सावरकरांच्या पुढील राजकारणाविषयी आपले मत काहीही असो, या प्रसंगातला प्रश्न त्यांच्यापुरता नाही. २०२० मध्ये कोलकात्यात जादवपूर विद्यापीठातील एका पोलिश विद्यार्थ्याला, तो नागरिकत्व कायद्याविरोधी मेळाव्यात दिसला म्हणून, देश सोडण्याची नोटीस मिळाली. कलकत्ता उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले आणि नव्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना पाहण्यास खुली ठेवण्यास सांगितले. ली-वॉर्नरच्या काळी जे गुप्तहेराला पाळत ठेवून मिळवावे लागे, ते आता विद्यार्थी स्वतःच अर्जासोबत देतो.

पुढाऱ्याला जिवे मारण्याची धमकी हा गुन्हाच आहे, आणि त्यासाठी खटला चालवावा. तेथे पुरावा लागतो, बचावाला संधी मिळते. परत पाठवणीला यांतले फारसे काही लागत नाही. म्हणूनच प्रत्येक सत्तेला ती सोयीची वाटते. आज बुलढाण्यातून परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलाच्या घरचे कर्ज, शेत, भविष्य हे सारे पासपोर्टवरच्या एका शिक्क्यावर टांगलेले असते. त्याने काय बोलावे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. तो आपसूकच गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याची नोंद कोणत्याही लवादापुढे होत नाही.