वैद्यकीय पर्यटन : स्वस्त कोणासाठी?

स्वदेशात उपचार महाग असल्यामुळे, त्यासाठी दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागत असल्यामुळे किंवा ते उपलब्धच नसल्यामुळे रुग्णाने दुसऱ्या देशात जाऊन उपचार घेणे, यास वैद्यकीय पर्यटन म्हणतात. 'पर्यटन' हा शब्द मात्र फसवा आहे. हृदयशस्त्रक्रिया, सांधेरोपण वा कर्करोगावरील उपचारांसाठी आलेला रुग्ण सहलीला आलेला नसतो. एकेकाळी सधन भारतीय उपचारांसाठी लंडन किंवा अमेरिका गाठत. आता प्रवाह उलट दिशेनेही वाहतो.

धोरण आणि व्हिसा
आखाती देशांतील रुग्ण मुंबईत येऊ लागले, ते हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परकीय चलनात मोबदला देणाऱ्या विदेशी रुग्णांवरील उपचारांना निर्यातीचा दर्जा देण्याची भूमिका घेतली. २००५ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय व्हिसा सुरू झाला. त्यावर रुग्णासोबत दोघांना येता येते. त्याच वर्षी दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयास 'जॉइंट कमिशन इंटरनॅशनल' या संस्थेची मान्यता मिळाली. अशी मान्यता मिळवणारे ते भारतातील पहिले रुग्णालय होय.

खर्च कमी का?
डॉक्टर व परिचारिकांचे तुलनेने कमी वेतन, देशातच तयार होणारी औषधे आणि रुपयाचा विनिमय दर ही प्रमुख कारणे आहेत. शस्त्रक्रियांची संख्या मोठी असल्याने महागड्या यंत्रसामग्रीचा खर्चही अधिक रुग्णांत विभागला जातो.

धोके आणि निर्बंध
मायदेशी परतल्यावर गुंतागुंत उद्भवल्यास मूळ शल्यविशारद जवळ नसतो आणि भरपाईचा दावा परक्या देशात लढावा लागतो. भारतीय उपखंडात उपचार घेऊन ब्रिटनला परतलेल्या काही रुग्णांत प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू आढळल्याचे 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीझेस' नियतकालिकातील शोधनिबंधाने २०१० मध्ये दाखवून दिले. अवयवदाता भारतीय आणि रुग्ण विदेशी असेल, तर दोघे निकटचे नातेवाईक असल्याखेरीज प्रत्यारोपणास परवानगी मिळत नाही. विदेशी दाम्पत्यांसाठी भारतीय स्त्रियांनी सरोगसी करण्यावर २०१५ मध्ये बंदी आली. २०२१ च्या कायद्याने व्यावसायिक सरोगसीच बेकायदा ठरवली.

निडीहून मुंबईकडे
दिवा-रोहा लोहमार्गावर नागोठणे आणि रोहा यांच्या दरम्यान निडी हे लहानसे स्थानक आहे. पेण-रोहा पट्ट्यातील रुग्णालाही गंभीर आजारात अलिबाग, पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. डॉलरमध्ये कमावणाऱ्याला स्वस्त वाटणारे देयक या पट्ट्यातील भातशेती करणाऱ्या कुटुंबाला कर्जात लोटू शकते. मुंबईतील उपचार परवडणारे आहेत की नाहीत, हे अखेर रुग्णाच्या मिळकतीवर ठरते.

अशा रुग्णांसाठी दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. २०२३ च्या शासन निर्णयाने तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत आणि मर्यादा प्रतिकुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. मात्र उपचार योजनेत समाविष्ट असावा लागतो आणि रुग्णालय अंगीकृत असावे लागते.

दुसरी तरतूद धर्मादाय रुग्णालयांची. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या आणि २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. विदेशी रुग्णांची वर्दळ असलेली काही नामांकित रुग्णालयेही धर्मादाय आहेत. तेथे दाखल होतानाच उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन वैद्यकीय समाजसेवकाची भेट घेणे हिताचे ठरते.