रिव्हॉल्व्हर, घरसंरक्षणासाठी

रिव्हॉल्व्हर, घरसंरक्षणासाठी : नळीच्या मागे फिरणाऱ्या चकरीत पाच ते आठ, बहुधा सहा, काडतुसे बाळगणारे व एका हाताने चालवता येणारे अग्निशस्त्र. मराठीतला जुना शब्द सहाबारी. बोलताना रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल एकच धरले जाते, पण दोन्हींची चाल वेगळी आहे. पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात आणि बार उडाला की त्याच्याच धक्क्याने पुढचे काडतूस नळीत चढते. रिव्हॉल्व्हरमध्ये हे काम चाप ओढणारे बोट करते. एखादे काडतूस फुसके निघाले तर पिस्तूल दोन्ही हातांनी मोकळे करावे लागते, रिव्हॉल्व्हरचा चाप नुसता पुन्हा ओढला की चकरी फिरून दुसरे काडतूस समोर येते. वर्षानुवर्षे कपाटात राहणाऱ्या आणि झोपेतून उठलेल्या माणसाने हातात घ्यायच्या शस्त्रासाठी हा गुण मोठा आहे. सराव कमी असलेल्या माणसाला आजही रिव्हॉल्व्हर सुचवले जाते ते यामुळेच.

सॅम्युएल कोल्ट याने 1836 मध्ये अमेरिकेत फिरत्या चकरीचे पेटंट घेतले, पण त्याच्या हत्यारात प्रत्येक बाराआधी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सने 1851 मध्ये नुसता चाप ओढून बार उडवणारे रिव्हॉल्व्हर आणले आणि 1857 च्या लढाईत ते अनेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला होते. त्याच वर्षी स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने धातूच्या काडतुसांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. ठासणीची कटकट तिथून संपली. पुढे बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने मधोमध उघडून नळी खाली झुकणारी रचना रूढ केली. भारतात आज विकली जाणारी बरीचशी रिव्हॉल्व्हरे याच वेब्लीच्या वंशातली आहेत.

भारतात निवडीची पहिली चाळणी दुकानात लागत नाही, कायद्यात लागते. शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 यांप्रमाणे 21 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीलाच परवान्यासाठी अर्ज करता येतो. महाराष्ट्रात आयुक्तालयाच्या शहरांत तो पोलीस आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. जिवाला धोका का आहे हे सांगावे लागते, पोलिसांची चौकशी होते, हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवण्याची मर्यादा आली आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली. परवाना माणसाच्या नावाने असतो, घराच्या नावाने नव्हे. नवऱ्याच्या परवान्यावरचे रिव्हॉल्व्हर बायकोने किंवा मुलाने वापरायचे ठरवले असेल तर तेवढ्याने ते कायदेशीर होत नाही. कुटुंबातल्या किती जणांनी या हत्याराशी संबंध ठेवायचा, हे अर्जाआधीच ठरायला हवे.

दुसरी चाळणी बोरची. .38, .455, .45 आणि 9 मि.मी. हे सैन्य-पोलिसांचे बोर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या घरात जिथे .38 स्पेशल हे काडतूस जवळजवळ गृहीत धरले जाते, तिथे भारतात ‘बत्तीस बोर’ म्हणजे .32 हाच सर्वसाधारण पर्याय उरतो. या काडतुसाचे मूळ 1896 सालच्या .32 स्मिथ अँड वेसन लाँगमध्ये आहे. त्यातली शिशाची गोळी सुमारे सव्वासहा ग्रॅमची असते आणि तिची ऊर्जा .38 स्पेशलच्या जेमतेम निम्मी भरते. हे काडतूस दुबळे आहे अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि आकड्यांपुरती ती खरी आहे. पण झटका कमी असल्यामुळे नवख्या माणसाचा दुसरा बारही नेमावर राहतो, आणि घरातल्या चार-पाच मीटरच्या अंतरावर याचे मोल ऊर्जेच्या आकड्याहून जास्त आहे.

बत्तीस बोरच्या भारतीय काडतुसाची बुडाकडची पितळी चकती नीट पाहिली तर कडेला ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरे कोरलेली दिसतात. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना. हा कारखाना 1869 चा. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा तो म्युनिशन्स इंडिया या पुण्यातच मुख्यालय असलेल्या कंपनीकडे गेला. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले रिव्हॉल्व्हर देशात कुठेही असो, त्याच्या चकरीत पुष्कळदा खडकीचीच काडतुसे असतात.

सामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची आयात 1980 च्या दशकात बंद झाली. तेव्हापासून नव्या मालासाठी मुख्य भिस्त सरकारी कारखान्यांवर राहिली. कानपूरचे नेहमीचे पोलादी बत्तीस बोर पाऊण किलोच्या आसपास भरते. जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्याच आयुध निर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आणले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे हे रिव्हॉल्व्हर सुमारे अर्धा किलोचे आणि किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. नाव दिल्लीच्या 2012 च्या अत्याचारातल्या पीडितेला दिलेल्या ‘निर्भया’ या नावावरून. हलके शस्त्र पर्समध्ये सोयीचे पडते, पण घरासाठी हलकेपणाला महत्त्व देण्याचे कारण नाही. तेच काडतूस हलक्या रिव्हॉल्व्हरमधून उडवले की झटका वाढतो, हात उचलला जातो. घरातले शस्त्र दिवसभर अंगावर वागवायचे नसते, त्यामुळे वजनदार पोलादी रिव्हॉल्व्हरच घेणे शहाणपणाचे. .22 बोरचे ‘निडर’ जेमतेम पाव किलोचे आहे. ते सरावाला बरे, घराच्या भरवशाला कमी पडते. 2020 पासून वेब्लीचे नाव उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यातल्या उत्पादनातून पुन्हा दिसू लागले, तर ऑगस्ट 2023 मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीने चकरी बाजूला उघडणारे ‘प्रबळ’ बाजारात आणले.

उघडण्याच्या या दोन पद्धतींतला फरक हातात घेतल्यावर कळतो. वेब्लीच्या धाटणीत अंगठ्याने खिटी दाबून नळी खाली झुकवली की मधली चांदणी वर येते आणि सहाही पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. बाजूला उघडणाऱ्या चकरीत पुंगळ्या ढकलायला दांडी दाबावी लागते, पण सांगाडा अखंड असल्याने तो जास्त टिकाऊ. घरासाठी दोन्ही चालतील. जुने वापरलेले वेब्ली घेताना मात्र बिजागरीत ढिलेपणा आहे का आणि घोडा चढवल्यावर चकरी हलते का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. चकरीचे भोक नळीशी नेमके जुळत नसेल तर गोळी कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात.

खरी निवड तळहाताशी होते. मूठ पकडल्यावर तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोचले पाहिजे. ते पोचत नसेल तर माणूस मूठ तिरकी धरतो आणि गोळी बाजूला जाते. चाप सरळ ओढायला साधारण पाच किलोचा जोर लागतो, घोडा आधी चढवून ठेवला तर निम्म्याहूनही कमी. पण घाबरलेल्या हातात चढवलेला घोडा धोकादायक आहे, म्हणून घरासाठी तयारी करणाऱ्याने पूर्ण चाप ओढण्याचाच सराव करावा. तालमीची जुनी पद्धत साधी आहे. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची, चकरी उघडून सहाही भोके डोळ्यांनी आणि बोटाने तपासायची, त्यांत सरावाची खोटी काडतुसे घालायची, नळीच्या टोकाशी एक रुपयाचे नाणे आडवे ठेवायचे आणि पक्क्या भिंतीकडे तोंड करून नाणे न पाडता चाप ओढायचा. पहिल्या दिवशी नाणे प्रत्येक वेळी पडते. दहापैकी आठदा ते जागचे हलत नाही तोवर हे हत्यार आपल्याला चालवता येते असे मानू नये. दुसऱ्या हाताचा अंगठा किंवा बोट चकरी आणि नळी यांच्यातल्या फटीजवळ येऊ देऊ नये. तिथून बाहेर पडणारा तप्त वायू कातडी फाडतो. नळी तीन ते चार इंच असावी. त्याहून आखूड नळीवर माशी आणि खाच फार जवळ येतात, नेम धरणे अवघड होते.

घराची रचनाही पाहावी लागते. विटांची भिंत बत्तीस बोरची शिशाची गोळी सहसा अडवते, प्लायवूडचे पार्टिशन आणि फ्लश दरवाजा अडवत नाही. चाळीत किंवा छोट्या फ्लॅटमध्ये दारापलीकडे शेजाऱ्याचे मूल झोपलेले असू शकते. बंद खोलीत बाराचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो आणि काही वेळ कानाला काहीच कळत नाही. अंधारात ओळख पटवण्यासाठी टॉर्च हवा, तो रिव्हॉल्व्हरइतकाच आवश्यक. रात्री उशिरा परतलेला घरचाच माणूस चोर समजला जाणे, ही या विषयातली सर्वांत दुःखद आणि टाळता येण्याजोगी चूक आहे.

शस्त्र कुठे ठेवायचे, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच सोडवलेला असावा. उशीखाली किंवा कपड्यांच्या घडीत ठेवणे हा उपाय नव्हे. भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने जखडलेली, अंकांच्या कुलपाची छोटी पोलादी पेटी झोपायच्या खोलीत असावी आणि तिचा अंक परवानाधारकालाच माहीत असावा. अमेरिकेत 1993 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेल्या अभ्यासात, बंदूक असलेल्या घरात खून होण्याची शक्यता जवळपास तिप्पट आढळली आणि मारणारा बहुतेकदा घरचा किंवा ओळखीचा होता. त्याच नियतकालिकातल्या 2020 च्या कॅलिफोर्नियावरील अभ्यासात, हातबंदूक बाळगणाऱ्या पुरुषांत गोळी झाडून घेण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट आणि स्त्रियांत पस्तीसपट निघाले. आकडे परदेशातले आहेत, पण ज्या घरात कुणी खोल नैराश्यात आहे, दारूचे व्यसन आहे किंवा हात उगारला जातो, त्या घरात रिव्हॉल्व्हर येऊच नये, असे स्पष्ट मत इथे नोंदवणे आवश्यक आहे. अशा घराला मजबूत दार, आतली कडी, दिवा आणि शेजाऱ्यांचा फोन जास्त वाचवतात.

स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आला आहे. पूर्वी तो दंडसंहितेच्या कलम 96 ते 106 मध्ये होता. कलम 41 प्रमाणे जबरी चोरीच्या किंवा सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातल्या घरफोडीच्या प्रसंगी हा अधिकार आक्रमकाचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण कलम 37 ची अट त्याला बांधलेली आहे: बचावापुरती इजा, त्याहून जास्त नाही. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी बचावाची ठरवणे फार कठीण. लग्नात, वरातीत आनंदाने हवेत बार काढणे हा 2019 पासून स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

निवडणुका आल्या की अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, तेव्हा मिळालेली पावती जपून ठेवावी. जमा करण्याआधी आणि परत आल्यावर नळी तेलाच्या चिंधीने पुसावी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा. कोकणच्या हवेत गंज आठवड्यात धरतो. पितळावर हिरवट डाग आलेली किंवा बुडाशी ओल लागलेली काडतुसे वापरू नयेत, विक्रेत्याकडे परत द्यावीत. परवानाधारक वारल्यावर रिव्हॉल्व्हर आपोआप मुलाचे होत नाही. ते ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने नवा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत वडिलांच्या खोलीतली ती पेटी रिकामीच राहते.