तळटीप २३ : चौथा थर

२३. उल्लेख बेल-२ डिटेक्टरच्या सिलिकॉन भागाचा आहे. डिटेक्टर जपानमध्ये, त्सुकुबाला. या सिलिकॉन भागाच्या, आतून मोजता, चौथ्या थराची जबाबदारी मात्र कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उचलली. अंबरनाथ-बदलापूरच्या विद्यार्थ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे : त्यांची लोकल जिथे संपते, तिथून ही संस्था बसच्या अंतरावर आहे.

आतले दोन थर पिक्सेलचे, त्यांभोवतीचे चार पट्टी-सेन्सरचे. या डिटेक्टरमध्ये अभ्यासला जाणारा बी-मेसॉन हा कण सरासरी दीड पिकोसेकंद जगतो आणि विघटनापूर्वी जेमतेम १३० मायक्रॉन सरकतो. ते अंतर मोजायचे, तर पहिला थर कणझोतापासून १४ मिलिमीटरवर आणावा लागतो. तिथे कणांची इतकी गर्दी असते की उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या छेदांपैकी खरा बिंदू कोणता, हे उमगत नाही. म्हणून सुमारे ५० मायक्रॉन रुंदीचे स्वतंत्र चौकोन. जाडी अवघी ७५ मायक्रॉन, कारण जाड सिलिकॉन कणाची वाटच बदलते.

चौथ्या थरात १० शिड्या (सेन्सर ओळीने बसवलेल्या लांबट चौकटी), प्रत्येकीवर ३ सेन्सर. ३०० मायक्रॉन सिलिकॉनमधून भारित कण गेला की सुमारे २२ हजार इलेक्ट्रॉन सुटतात. एवढ्याशा भारावर सारी भिस्त, म्हणून गोंदाचा थेंब न् थेंब आणि बारीक तारांचा टाका न् टाका सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. हे हातकसब समीकरणांइतकेच मोलाचे आहे, असे प्रस्तुत संपादकाचे मत आहे. असे काम भारताला नवे नव्हते : याआधी सर्नच्या सीएमएस डिटेक्टरसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने आखलेले ३२ पट्ट्यांचे सेन्सर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झाले होते. (संपा.)