पाण्याचा श्वास : नळदुर्गच्या बोरी नदीपासून घरातल्या मत्स्यालयापर्यंत

२१ मे १८५३. हैदराबादचा निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. थकलेल्या देण्यापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आजच्या धाराशिव जिल्ह्याचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. यांतील पश्चिमेकडच्या जिल्ह्याचा कारभार पाहण्यासाठी मेडोज टेलर नळदुर्गला आला. त्याच मे महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले. सर्वसामान्यांना पाहता येईल असे ते जगातील पहिले मत्स्यालय.

या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. मात्र लंडनमध्ये काचेच्या टाक्यांभोवती जमलेल्यांना पुढे अनेक वर्षे जो प्रश्न छळणार होता, म्हणजे पाण्यात हवा कशी मिसळत ठेवायची, त्याचे एक उत्तर टेलरच्या डोळ्यांसमोर दर पावसाळ्यात कोसळत होते.

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात तो उभा राहिला. बांधाच्या पोटातच पाणी महाल आहे. नदी भरली की ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून पाणी उडी घेते आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहून पाण्याचा पडदा पाहतो. बांधणाऱ्यांना पाणी साठवायचे होते, किल्ला राखायचा होता आणि सुलतानाचे मनही रमवायचे होते. माशांचा विचार कोणी केला नसणार. पण उंचावरून फुटून पडणारे पाणी खाली पोहोचते तेव्हा ते हवेने भरलेले असते. खालच्या डोहातल्या माशांना त्याचा लाभ आपोआप मिळतो.

काचेच्या टाकीत असा सांडवा नसतो. तिथे सारी अडचण सुरू होते.

पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. धाराशिव शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथे तो आणखी थोडा घटून ७ च्या जवळ जातो. याउलट, उष्म्याने माशाचा श्वास वेगवान होतो. म्हणजे ज्या एप्रिल-मे महिन्यांत माशाला हवा अधिक लागते, त्याच महिन्यांत पाणी ती कमी धरते.

युरोपात या कोड्याला पहिले उत्तर मिळाले ते मानवी कष्टांचे. १८४६ साली ॲना थीन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. ते जगावेत म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राही. मत्स्यालयांच्या इतिहासात थीनबाईंचे नाव नोंदले गेले; जिच्या मनगटांवर तो प्रयोग उभा होता, तिचे नाव सहसा कुठे आढळत नाही.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने कष्ट वाचवणारा मार्ग मांडला. त्याच्या टाकीत दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगायी होत्या. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, गोगलगायींनी सडका पाला खावा आणि माशांनी सुखाने राहावे, असा तो समतोल. कल्पना सुंदर आणि थोड्या माशांपुरती खरीही. पण वनस्पती रात्री प्राणवायू देत नाही, उलट वापरते. पहाटे मेलेले मासे सापडतात त्याचे एक कारण हेच. शिवाय टाकीत मासे वाढवण्याचा मोह माणसाला आवरत नाही, आणि मग हा समतोल ढळतो.

पुढचे पाऊल विल्यम आल्फर्ड लॉइडचे. १८७१ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्याने स्थिर पाण्याचा नाद सोडून दिला. खाली अंधारात पाण्याचा मोठा साठा, वर प्रेक्षकांसाठी टाक्या आणि दोहोंत अखंड पाणी फिरवणारे वाफेचे यंत्र. एका ठिकाणी शक्ती निर्माण करायची आणि नळांनी ती प्रत्येक टाकीपर्यंत न्यायची, हा विचार येथे ठसठशीत दिसतो. आजच्या घरगुती ‘सेंट्रल एअर’ची कुळी शोधायची तर या तळघरापर्यंत जावे लागते.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए याने चीनहून आलेल्या पॅराडाइज माशाची पिल्ले टाकीत वाढवून दाखवली. साल १८६९. उष्ण प्रदेशातल्या इतक्या माशांमधून हाच युरोपात रुजला, त्याचे कारण सौंदर्यापेक्षा शरीररचनेत अधिक आहे. तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा गिळतो; पाण्यातला प्राणवायू संपला तरी तग धरतो. मराठवाड्यातल्या आटत्या डोहांत शेवटपर्यंत टिकणारी मरळ याच युक्तीने जगते. पंप नव्हते तेव्हा पंपाची गरज नसलेले मासे टिकले. रोहू-कटल्याला ती सोय नाही, सोनमाशालाही नाही.

हवा एका जागी दाबून दूरवर नेण्याची विद्या मात्र मत्स्यालयांची नव्हे, ती खाणींची आणि भट्ट्यांची. गावचा लोहार भाता ओढतो तेव्हा एकाच भट्टीपुरती हवा मिळते. कॅटलान भट्ट्यांमध्ये उभ्या नळातून पाणी पाडून, त्याच्यासोबत ओढली गेलेली हवा खालच्या बंद पेटीत साठवत आणि आगीकडे सोडत. हाच न्याय १९१० साली कॅनडातल्या कोबाल्ट गावाजवळ प्रचंड प्रमाणावर वापरला गेला : माँट्रियल नदीच्या प्रपातातून दाबलेली हवा नळांवाटे चांदीच्या खाणींना पुरवली गेली, तीही एकही फिरता भाग नसलेल्या यंत्राने. नळदुर्गचा सांडवा पाहिलेल्या वाचकाला ही गोष्ट विशेष नवलाची वाटू नये.

त्याआधी १८६० मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन पाळ्यांच्या हवायंत्राचे पेटंट घेतले. भारतातल्या कोळंबीच्या बीजकेंद्रांत आजही ‘रूट्स ब्लोअर’ घरघरतो, तो त्यांचाच वारसा. मुंबईत १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा तिथे पाहिला. घरात मासे पाळण्याची हौस पुढे जिल्ह्याच्या गावांपर्यंत आली. एका टाकीचा छंद वीस टाक्यांचा झाला की प्रत्येक टाकीला वेगळा छोटा पंप लावणे आवाजाला, वायरींना आणि विजेच्या बिलाला परवडत नाही. मग मध्यवर्ती पंपाचा प्रश्न उभा राहतो, आणि येथे इतिहासातले धडे थेट हिशेबात उतरतात.

खोक्यावर छापलेला ‘मिनिटाला इतके लिटर’ हा आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. पाण्याखाली हवा सोडायची तर आधी पाण्याचे ओझे ढकलावे लागते. १ मीटर खोलीला सुमारे ९.८ किलोपास्कल दाब लागतो. ४५ सेंटिमीटर पाण्याला साडेचारच्या आसपास. त्यात नळी, तोटी आणि एअरस्टोन यांचा अडथळा मिळवला की गरज दुपटीपर्यंत जाते. २० टाक्या, प्रत्येकीत स्पंज फिल्टरसाठी मिनिटाला ३ लिटर हवा, म्हणजे एकूण ६० लिटर. तेव्हा विचारायचा प्रश्न असा : हा पंप १० किलोपास्कल दाबावर ६० लिटर देतो का? उत्पादकाच्या दाब-प्रवाह आलेखात उत्तर असते. ज्या पंपाला असा आलेखच नाही, तो घेऊ नये.

रूट्स ब्लोअर घरासाठी अवाढव्य. पंख्यासारखा फिरणारा रिंग ब्लोअर पुष्कळ हवा देतो, पण काहीशे वॉट वीज खातो आणि घर झोपू देत नाही. विद्युतचुंबकाने पडदा किंवा दट्ट्या हलवणारा लिनियर पंप एवढेच काम साधारण ४० ते ५० वॉटमध्ये, हळू गुणगुणत करतो. २०-२५ टाक्यांच्या खोलीसाठी तोच योग्य. खोलीभोवती पीव्हीसी नळीचे बंद कडे फिरवावे, म्हणजे शेवटच्या टाकीलाही जवळजवळ पहिलीइतकाच दाब मिळतो. पंप टाक्यांच्या पाण्यापेक्षा वर बसवावा. खाली बसवला आणि वीज गेली तर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते. शिवाय तो जी हवा ओढतो तीच सर्व टाक्यांत जाते. डासांची कॉइल किंवा फवारा त्या खोलीत वापरला तर विष एकाच वेळी प्रत्येक माशापर्यंत पोहोचते.

मध्यवर्ती व्यवस्थेचे मोठे दुखणे याच जातीचे आहे. वेगळे पंप असताना एक बिघडला तर एक टाकी संकटात येते. एकच पंप थांबला तर सारी खोली. दोन हजारच्या दशकातले भारनियमन महाराष्ट्राच्या गावांनी सोसले आहे. आजही उन्हाळी वादळात रात्रभर वीज जाणे धाराशिवकरांना नवे नाही. हवा थांबली की स्पंजमधले उपयुक्त जिवाणूही काही तासांत गुदमरू लागतात, आणि टंचाईच्या महिन्यांत टाक्यांचे पाणी बदलून ते संकट निभावता येत नाही, कारण बदलायला पाणीच नसते.

म्हणून १२० लिटरचा एक पंप घेण्यापेक्षा ६० लिटरचे दोन घेऊन एकाच कड्याला जोडणे शहाणपणाचे. दोहोंपुढे एकदिशा झडप हवी, नाहीतर बंद पडलेल्या पंपातून चालू पंपाची हवा निसटते. एक पंप घरगुती इन्व्हर्टरवर ठेवला तर १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर तो रात्र सहज काढतो. मात्र इन्व्हर्टर साइन वेव्हचाच असावा. चौकोनी लहरीवर हे पंप गुरगुरतात आणि तापतात. लिनियर पंपाचा रबरी पडदा झिजतो, तेव्हा सुटा संच आधीच आणून कपाटात ठेवावा. तो फाटल्यावर सोलापूर किंवा पुण्याहून येईपर्यंत थांबायची तयारी खोलीतल्या फक्त मरळीची असते.