स्वानुभव : इतिहास संशोधनातील एक साधन
(‘वेटिंग फॉर अ व्हिसा’च्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
गुणात्मक संशोधनात संशोधकाने स्वतःचा अनुभव मांडला की ‘हे व्यक्तिनिष्ठ आहे, पुरावा कोठे आहे?’ असा आक्षेप घेतला जातो. ज्यांच्या जगण्याची नोंद शासकीय दफ्तरात अत्यल्प आहे, त्यांच्याबाबत हा आक्षेप मान्य केल्यास त्यांचा इतिहास लिहिणेच कठीण होईल. प्रस्तुत लेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी लेखनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. हे लेखन १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले.

विवेचन :
परकीयांना अस्पृश्यतेची कल्पना देण्यासाठी सर्वसाधारण वर्णनापेक्षा प्रत्यक्ष प्रसंग सांगणे अधिक परिणामकारक आहे, अशी भूमिका डॉ. आंबेडकर आरंभीच घेतात. त्यांपैकी दोन प्रसंग येथे महत्त्वाचे आहेत.

सुमारे १९०१ मध्ये, बालवयात, ते मसूर स्थानकावर उतरले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यावे, मुलांनीच गाडी हाकावी व गाडीवानाने पायी चालावे, असे ठरले. १९२९ मध्ये ते अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. त्या दौऱ्यात चाळीसगाव येथे टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. वस्तीतील लोकांनी टांगा भाड्याने घेऊन आपल्यातीलच एका अननुभवी माणसास हाकण्यास बसविले. अपघात होऊन डॉ. आंबेडकरांचा पाय मोडला.

या दोन प्रसंगांत अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. दरम्यान तो बालक बॅरिस्टर झाला होता. परंतु नकार तोच राहिला. शिक्षण व पद यांमुळे अस्पृश्यता संपते काय, या प्रश्नाचे उत्तर एकाच आयुष्यातील या दोन नोंदी देतात. चौकशी करणाराच येथे चौकशीचा विषय झालेला दिसतो.

मात्र ते स्वानुभवावर थांबत नाहीत. इतरांचे अनुभवही जोडतात. या लेखनाचा काळ सामान्यतः १९३५-३६ मानला जातो. परंतु त्यात मुंबईतील ६ मार्च १९३८ च्या सभेचा उल्लेख आहे. म्हणजे निदान तो भाग नंतरचा ठरतो. अनुभवकथनासही साधनचिकित्सा लागू पडते, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
स्थळ-काळाची नोंद, इतरांच्या अनुभवांशी पडताळणी आणि निश्चित सामाजिक प्रश्नाशी सांगड या तीन कसोट्यांवर उतरलेला स्वानुभव पुरावा म्हणून स्वीकारावयास हवा. शासकीय अहवालही कोणाच्या तरी पाहण्या-ऐकण्यातूनच सिद्ध होतो. त्यालाही याच कसोट्या लावल्या पाहिजेत.